उभी गाडी दमत नाही

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला तीनच अटी सांगितल्या. पाणी जपून वापरायचं, गच्चीवरच्या ओल्या कपड्यांचं पाणी खाली वाळत घातलेल्या मिरच्यांवर ठिबकू द्यायचं नाही, आणि गोठ्यातल्या गाडीला हात लावायचा नाही. मी मान डोलावली. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि चौथी अट घातली, "आनि धक्का मारायची येळ आली तर मातुर हात लावायचा. तवा न्हाई म्हनायचं न्हाई."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. छे! भूगावातल्या त्या घरात मी अडीच वर्षं काढली आणि त्या गाडीला किती वेळा धक्का मारला याची मोजदाद माझ्या खांद्यालाच माहीत. मी परभणीहून नोकरीसाठी आलेली, हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका दिवसभर शोधायच्या आणि त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. घरी आल्यावर तरी हे काम सुटावं की नाही? पण खाली गोठ्यात आबा, म्हणजे आमचे घरमालक, बसलेले असायचे.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही. साठी ओलांडलेला, ताडासारखा उंच माणूस, धोतर, पांढरा सदरा आणि आवाज असा की घरात बोलले तरी चांदणी चौकात ऐकू जावं. कमरेला एक जुना रुपया कायम खोचलेला. तो खर्चायला नव्हता, बॅटरीची झाकणं फिरवून उघडायला होता. आबांचं सगळं आयुष्य बैलांत गेलं होतं. शर्यतीच्या बैलांचे जाणकार म्हणून आपलं नाव पौडपर्यंत होतं असं ते सांगत. गल्लीतले लोक म्हणत, अलीकडच्या पिरंगुटपर्यंतच. मग ओढ्याकाठचं भाताचं खाचर त्यांनी एका बिल्डरला विकलं, कसायला काही उरलं नाही म्हणून बैलही गेले, आणि त्या रिकाम्या गोठ्यात, दोन गव्हाणींच्या मधे, एक पांढरीशुभ्र मोटार येऊन उभी राहिली.

जनावर बदललं, माणूस तोच राहिला. गाडीला त्यांनी बैलाचेच सगळे नियम लावले. त्यांच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, म्हणून सोमवारी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. थंडीत बॉनेटवर गोधडी. कोथरूडच्या एका क्लासमध्ये जाऊन ते रीतसर गाडी शिकून आले होते, परवाना होता, हात चांगला होता. फक्त ब्रेक मारताना तोंडाने "हो, हो, हो" म्हणायचे. शिकवणाऱ्याने ती सवय मोडायचा प्रयत्न केला, तर त्यालाच म्हणाले, "तू नुसता पाय दाबतो. गाडीला कळाय नको का, कशापायी दाबला ते?"

आणि या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी एक सिद्धांत होता. शर्यतीचा बैल शर्यतीआधी आठ दिवस दावणीला बांधून ठेवतात, औताला जुंपत नाहीत, तेव्हा तो मैदानात उधळतो. तसंच बॅटरीचं. जितका विसावा जास्त, तितका दम जास्त. म्हणून गाडी चालवायची नाही. दसऱ्याला पूजा करून गोठ्यातून वीस पावलं पुढे काढायची, वीस पावलं मागे लावायची, बास.

"मग गाडी घेतली कशाला, आबा?"

"येळेला पायजे म्हनून."

आता यात माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला काही वावगं वाटलं नसतं. पण संध्याकाळी सहा वाजले की आबा गाडीत जाऊन बसत. चारही दारं सताड उघडी. आतला दिवा लावलेला. भजनाची कॅसेट सुरू. उकडत असलं तर छोटा पंखा. मागच्या सीटवर त्यांचे दोन जुने सोबती, पायातल्या वहाणा बाहेर काढून, तंबाखू मळत. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी हललं की भजनात चर्रर्र असा एक जादा सूर लागायचा. अशी दीड-दोन तास बैठक. इंजिन अर्थातच बंद.

मी एकदा म्हटलं, "आबा, इंजिन बंद ठेवून एवढं सगळं लावलं की बॅटरी उतरते."

आबांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "गाडी कुटं हालली का?"

"नाही, पण..."

"जाग्यावरनं हालली का, ते सांग."

"नाही हलली."

"मंग! उभं ऱ्हायल्यानं कुनी दमतंय व्हय? बैल दावनीला उभा राहून रवंथ करतोय, त्येला काय काम म्हनायचं?" मागचे दोघे खदाखदा हसले. चर्रर्र, चर्रर्र. माझी पदवी त्या गोठ्यात शेणावर पडली, दुसरं काय!

एरवी नीट वापरली तर चार वर्षं टिकणारी बॅटरी आबांकडे आठ-नऊ महिन्यांत मान टाकायची. आणि प्रत्येक वेळी आबांना तो धक्का अगदी नवा असायचा. "आगं, कालच्याला तर ठणठणीत व्हती! किती बेस गात व्हती!" असं म्हणत ते बॉनेटपाशी बसून राहत. त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. मग आम्ही गल्लीतले चार-सहा जण धक्का मारून गाडी उतारापर्यंत न्यायचो, ती खोकत खोकत सुरू व्हायची, आणि आबा तिला रस्त्यावरच्या बॅटरीच्या दुकानात घेऊन जायचे.

एकदा मीही गेले होते बरोबर. दुकानदार उत्तर प्रदेशातला, बिचारा नवीन आलेला. आबांनी नव्या बॅटरीभोवती दोन फेऱ्या घातल्या. बोटाने टकटक वाजवून पाहिलं. मग कमरेचा रुपया काढून एकेक झाकण उघडलं, आत डोकावून सहा मोजली आणि खूश होऊन मला म्हणाले, "सहादाती हाय. ऐन उमेदीतली." बैलाचं वय दातांवरून ठरवतात, हे तोपर्यंत मला ठाऊक झालं होतं, दुकानदाराला नव्हतं. मग आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची दोन बोटं घट्ट धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, चारचौघांना कळू न देता, बोटं दाबून. पण त्या माणसाने हात असा काही झटकला की काउंटरवरचा चहा माझ्या ओढणीवर. "ये क्या कर रहे हो, चाचा? छोड़ो!"

"आरं, भाव करतुया!" आबा ओरडले. "लाजतो कशाला?"

सौदा अखेर टॉवेलाशिवाय झाला, पण आबांचं मन काही भरलं नाही. परत येताना म्हणाले, "ह्याच्याकडनं जित्राब घेऊ ने. ह्येला हात कळत न्हाई."

त्याने पाण्याची एक बाटली दिली होती, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची. चार दिवसांनी ती बाटली मला जास्वंदीच्या आळ्यात उपडी केलेली दिसली. चौकशी केली तर आबा म्हणाले, "चाखून बगितलं मी. मेलेलं पानी हाय ते. चवच न्हाई. आपल्या हिरीचं घातलं, ग्वाड." मी कपाळाला हात लावला. विहिरीच्या पाण्यातले क्षार बॅटरीला कसे मारतात, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं. गव्हाणीवर खडूने पट्ट्या काढल्या, आम्ल काढलं, बाण काढले. गाडी रोज अर्धा तास चालवली तरच बॅटरी भरते, हे तीन तीनदा सांगितलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. माझं झाल्यावर हळूच म्हणाले, "त्ये सगळं खरं आसंल, पोरी. पर मी येकटा हिंडू का हितनं तितं? ती बसल्याबिगर?"

ती म्हणजे आक्का, त्यांची बायको. आणि खरी गोम तिथे होती.

आक्का गाडीत बसत नव्हत्या. गाडी घरात आली त्या दिवसापासून एकदाही नाही. आबांशी बोलणं होतं, वेळेवर जेवण होतं, आजारपणात रात्रंदिवस सेवा होती. पण गोठ्यातली गाडी समोर आली की आक्का उंबऱ्यावरूनच मागे वळत. मी एकदा त्यांच्याजवळ बसून मेथी निवडत होते तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. "लगीन झालं तवापास्नं त्या खाचरात लावनी केली म्या. आंबेमोहोर पिकायचा. वास तर आसा यायाचा, रस्त्यानं जानारा थांबायचा. बरं, इकायचं तर इका. पर मला इचारलं का? दुपारी भाकरी घिऊन गेले तर तितं मोजनी चालली व्हती. बिल्डरचा मानूस मलाच म्हनतोय, मावशी, बाजूला व्हा." निवडलेली मेथी त्यांनी पुन्हा एकदा निवडली. "आता त्याच खाचरावर बसून मी मिरवू? मरंस्तवर न्हाई बसनार."

धरणाजवळ मुळशीला त्यांचं माहेर. तिकडे जायचं तर त्या एसटीने जात, गुडघे दुखत असताना ती उंच पायरी चढून. आबा स्टॉपपर्यंत पिशवी घेऊन मागून चालत. एसटी निघून गेली की तिथेच उभे राहत. मग घरी येऊन गाडी पुसत. आता कळलं ना, विसावा कशासाठी होता? ज्या दिवशी आक्का हो म्हणतील, त्या दिवशी बॅटरी ताजीतवानी हवी, पहिल्या झटक्यात गाडी उधळली पाहिजे, म्हणून हा माणूस तीन वर्षं ती राखून ठेवत होता. मला आधी त्यांचं हसू यायचं. त्या दिवसानंतर हसू यायचंच, पण आत कुठेतरी तुटायचंही.

आणि एका आषाढात आक्का हो म्हणाल्या. झालं असं की मुळशीहून त्यांच्या आईचा निरोप आला. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. निरोप एवढाच होता: जावयानं गाडी घेतली म्हणे, सगळ्या गावाला ठाऊक, मलाच नाही दावली, दिसतंय तवर दावा. आक्कांनी दोन दिवस नेहमीसारखी कामं उरकली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "येत्या रैवारी गाडी काढा. आईला दावायचीय. बसते मी."

आबांच्या हातातला तांब्या तिथेच राहिला.

पुढचे पाच दिवस काय सांगू! गाडी दोनदा धुतली. सीटवरचं प्लास्टिक पहिल्यांदा काढलं. आणि बॅटरीला संपूर्ण विसावा, म्हणजे गाडी एक पाऊलसुद्धा हलली नाही. मात्र आनंद कुठे ठेवायचा? गल्लीतला जो भेटेल त्याला आबा गाडीत बसवायचे, हॉर्न वाजवून दाखवायचे, पुढचे दिवे लावून गव्हाणीवर उजेड पाडायचे. भजनांची वेळ दुप्पट झाली. मी शुक्रवारी हात जोडले, "आबा, आज तरी पिरंगुटपर्यंत फेरी मारून या. मी येते बरोबर."

"येडी का काय! रैवारची शर्यत आन् आज पळवू?"

रविवारी सकाळी नऊला सगळी गल्ली गोठ्यासमोर जमली. पावसाची भुरभुर होती. आक्का हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आल्या. त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, दाराला हात लावला, जरा थांबल्या, आणि आत बसल्या. आबांनी दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं. मी मागच्या सीटवर होते, "इंजिनेर संगं असलेली बरी" म्हणून.

आबांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा ते टक्सुद्धा झालं नाही. आरशात मला आबांचा चेहरा दिसत होता. माणसाचा चेहरा एवढा मोठा असून एवढा लहान होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. त्यांनी हलकेच "हो, हो" केलं, जणू गाडीच घाबरली होती. मग किल्लीवरचा हात काढला आणि समोर बघत म्हणाले, "उतर तू. साडेनवाची एस्टी गावंल. मी पिशवी घितो."

आम्ही सगळे आक्कांकडे बघत राहिलो. तीन वर्षं ज्या बाईला ही गाडी डोळ्यांसमोर नको होती, तिला देवाने आयती सुटका दिली होती. आक्कांनी पदर सारखा केला, मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मी न्हाई उतरनार."

"अगं, ब्याटरी गेली."

"जाऊ द्या. मी बसलेय. आता आईच्या दारातच उतरनार. ढकला म्हनावं."

मग काय विचारता! ज्यांनी तीन वर्षं या घरातला रुसवा बघितला होता ते सगळे धावले. मागे बसणारे दोघे सोबती, समोरची शिंपीणकाकू, मी तर कराराने बांधलेलीच. आक्का आत राणीसारख्या बसून, खिडकीतून हात बाहेर काढून, "आरं, जोर लावा की! न्ह्यारी केली न्हाई का?" म्हणत होत्या. उतारावर गाडीने दोन गचके खाल्ले, काळा धूर सोडला आणि घरघरली. मी चिखलात माखलेल्या पायांनी पळत जाऊन मागच्या दारातून आत पडले आणि ओरडले, "आबा, आता वाटेत इंजिन बंद पडू द्यायचं नाही! काही झालं तरी!"

हे त्यांनी अक्षरशः घेतलं. मुळशीपर्यंत तो माणूस कुठेही थांबला नाही. कासार आंबोलीपाशी म्हशींचा कळप आडवा आला, तर आबांनी खिडकीतून डोकं काढून अशी काही हाळी दिली की म्हशी दोन्ही बाजूंना पांगल्या. पौडला भावजयीसाठी पेढे घ्यायचे होते, ते राहिले. एका ओळखीच्या माणसाने हात केला, त्याला "येताना! येताना!" असं ओरडून सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरात बाया ओणव्या होऊन लावणी करत होत्या. आक्का तिकडे बघत होत्या. आबा बघत नव्हते. मला पहिल्यांदा त्या गाडीत भजन हवं होतं असं वाटलं.

माहेरच्या दारात गाडी पोचली. आक्का उतरल्या. भावजय पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. जावई उतरेचनात! त्यांचा पाय क्लचवर आणि जीव मुठीत. शेवटी तिने खिडकीतूनच तुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी ओतलं आणि आबांच्या कपाळाला कुंकू लावलं. तेवढ्यात काठी टेकत म्हातारी बाहेर आली. तिने गाडीला हाताने चाचपत एक फेरी घातली. बॉनेटवर तळवा ठेवला.

"ह्ये आसं थरथरतंय कशापायी? आंग बी तापलंय. हिव भरलं का काय?"

"न्हाई आये, चालू हाय ती," आबा आतून म्हणाले.

म्हातारीने तळवा उचलला. मग तिने विचारलं, "खाचर इकून घितलं, ते ह्येच व्हय?"

आबांनी मान खाली घातली. आता आक्का काय म्हणणार? तीन वर्षांचं सगळं साठलेलं इथेच बाहेर पडणार, हे मला दिसत होतं.

"व्हय आये, ह्येच," आक्का म्हणाल्या. "लई मऊ हाय बसायला. ह्यांनी माझ्यासाठीच घितली."

म्हातारीने मान हलवली. "बरं हाय. पर खाचर मोठं व्हतं."

इंजिन तेवढं घरघरत होतं. आक्का वळून आबांच्या खिडकीपाशी आल्या.

"बंद करा आता ती."

"आन् परत सुरू न्हाई झाली तर?"

"न्हाई झाली तर न्हाई. ऱ्हाऊ दोन दिस. मागं कुटली आपली लावनी खोळंबलीय?"

आबांनी किल्ली फिरवली. आवाज थांबला तेव्हा पलीकडच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. आबांचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला मागे बसून कान द्यावा लागला.

"चुकलं माजं. तुला इचाराय पायजे व्हतं."

"व्हय," आक्का म्हणाल्या, "चुकलंच." आणि त्यांनी बाहेरून दार उघडलं. "उतरा आता. भात निवतोय."